दसऱ्यापुरत्या गोळ्या बंद

माझा भाऊ पहिल्यांदा आजारी पडला तेव्हा आमच्या घरात आनंद झाला होता. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही, खरंच झाला होता. आई शेजारणींना सांगत होती, वडील पारावर सांगत होते आणि देवळ्याचे मामा फोन करकरून पुन्हा पुन्हा ऐकून घेत होते, की पोरगा सुधारला.

मखमलाबादच्या पुढे आमची थोडी जमीन आहे. आजोबा भाजीपाला करायचे. वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, ते फुलांकडे वळले. गुलाब, शेवंती, निशिगंध असं वर्षभर काही ना काही असतं, पण घर चालतं झेंडूवर आणि झेंडू चालतो दसऱ्यावर. नवरात्राची पहिली माळ पडली की आमच्याकडे घड्याळ बघणं बंद होतं. पहाटे तोडणी, दुपारी निवडणी, संध्याकाळी क्रेट भरून फूलबाजार. लग्न होऊन सिडकोत आलेली मीसुद्धा पतसंस्थेतली रजा दिवाळीला न टाकता नवरात्रात टाकते आणि तोरणं ओवायला माहेरी जाते. आमच्या भागातल्या लेकी दिवाळीला मिरवायला येतात आणि नवरात्रात राबायला. मला माहेरी फटकळ म्हणतात, सासरी स्पष्टवक्ती. पगार जिथे येतो तिथे शब्द जरा बरे वापरतात.

भाऊ माझ्याहून बराच लहान. कॉलेज अर्धवट सोडलेला, कमी बोलणारा, सांगितलेलं काम करणारा आणि न सांगितलेलं न करणारा. अण्णांच्या भाषेत 'थंड गोळा'. त्या नवरात्रात तिसऱ्या-चौथ्या माळेपासून हा थंड गोळा एकाएकी पेटला. सगळ्यांच्या आधी वावरात, सगळ्यांच्या नंतर घरात. रात्री आम्ही आडवे झालो तरी तो अंगणात बल्ब लावून पिवळी आणि केशरी फुलं वेगळी करत बसायचा. सुरतेच्या, वापीच्या व्यापाऱ्यांना फोन लावायचा आणि हिंदीत अशा गप्पा मारायचा की जणू जन्म तिकडेच गेला. तोडायला येणाऱ्या बायकांना गाणी म्हणून दाखवायचा. डोळे लाल, आवाज बसलेला, पण थकवा म्हणून नाही.

अण्णा त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "लय केलं पोरा. असाच राहा." मी तिथेच तोरण ओवत बसले होते. अण्णांनी त्याच्या पाठीवर हात ठेवलेला मी याआधी कधी पाहिला नव्हता, मारायला सोडून.

"अण्णा, हा झोपत नाहीये," मी म्हणाले.

"दसऱ्यात कोण झोपतं?" ते म्हणाले. खरंच कुणी झोपत नव्हतं. आमच्या धंद्यात हा आजार अशा दिवसांत आला की तो आजार वाटलाच नाही. एखाद्या ऑफिसात पोरगा असता तर आठवड्यात कुणीतरी ओळखलं असतं.

दसरा झाला. भाव बरा मिळाला, माल संपला, सगळे दोन दिवस मेल्यासारखे झोपले. भाऊ झोपला नाही. त्याने आधी आमच्या वावरातल्या कच्च्या कळ्या तोडल्या. मग उरलेली झाडं उपटली. मग एका पहाटे तो शेजारच्या काकांच्या द्राक्षबागेत कात्री घेऊन शिरला. आमच्याकडे दसऱ्याच्या आसपास बागेची जी छाटणी होते तिच्यावर वर्षाचं पीक ठरतं, तिथे काडीवरचा एक डोळा, म्हणजे फुटीची जागा, इकडे-तिकडे झाला तर माणसं बोलणं सोडतात. याने उन्हाळ्यात करतात तशी बाग खरडून काढली. काका धावत आले तेव्हा हा हसत म्हणाला, "काका, तुमचं काम हलकं केलं."

त्या दिवशी त्याला खाटेला बांधलं. बांधणाऱ्यांत काका होते, अण्णा होते आणि पारावर ज्यांनी त्याचं कौतुक ऐकलं होतं ती माणसं होती. मी पतसंस्थेतून रिक्षा करून पोचले तर अंगणात निम्मं गाव. कुणी चहासुद्धा मागितला. बघायला माणसं जमतात, न्यायला कुणी येत नाही, हे मी त्या दिवशी शिकले आणि अजून विसरलेले नाही.

देवळ्याहून मामा आले. त्यांचा कांदा त्या वर्षी बरा गेला होता, त्यामुळे त्यांचं मतही भारी होतं. भाच्याकडे एकदा पाहून ते आईला अहिराणीत म्हणाले, "हाई डॉक्टरनं काम नही शे." आमच्या चुलत घराण्यात कुणीतरी कधीतरी विहिरीवर नाग मारला होता, तो आठवला. मारणारा मेला, नाग मेला, बघणारेही मेले, पण दोष आमच्या पोरापर्यंत बरोबर चालत आला. त्र्यंबकला जाऊन नारायण नागबळी करायचं ठरलं.

मी म्हणाले, "करा, पण आधी डॉक्टरला दाखवू." मामा म्हणाले, "भाची, तू शिकेल शे, पन हाई शिकेल मानूसनं काम नही." आणि आई माझ्याकडे अशी बघू लागली की मी जणू पोराच्या वाटेत आडवी पडले आहे.

ते तीन दिवस मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. त्र्यंबकला खोली घेतली. अण्णा नव्या पांढऱ्या धोतरात, आई नव्या पांढऱ्या साडीत, गव्हाच्या पिठाचा नाग, त्याला अग्नी, त्याचं सुतक. भाऊ गुरुजींच्या वरताण मोठ्याने मंत्र म्हणत होता, मध्येच त्यांना थांबवून चुका सांगत होता. आजूबाजूचे यजमान आपापले नाग जाळता जाळता आमच्याकडे बघत होते. गुरुजी वयस्कर होते, शांत होते. सगळं आटोपल्यावर, दक्षिणा कनवटीला लावून, ते अण्णांना म्हणाले, "विधी यथासांग झाला. पण याला मेंदूच्या डॉक्टरांनाही दाखवा. असे बरेच येतात माझ्याकडे." त्या सगळ्या प्रवासात शहाणं वाक्य बोललेला तो एकटा माणूस, आणि तेही दक्षिणा घेतल्यावर. अण्णांनी पहिलं वाक्य ऐकलं, दुसरं तिथेच ठेवून आले.

भाऊ घरी आला तो तसाच. शेवटी मी आणि माझ्या नवऱ्याने त्याला कॉलेज रोडच्या एका खासगी मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं. अण्णाही आले, कारण आता काकांच्या बागेचं प्रकरण पारावरून घरात शिरलं होतं. दवाखाना देखणा होता. काचेच्या पेटीत मासे, भिंतीवर हसणाऱ्या कुटुंबाचा फोटो. डॉक्टर चांगले होते, हे मी नाकारणार नाही. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, समजावून सांगितलं: मन कधी उधाणतं, कधी बुडतं, दोन्ही एकाच आजाराची रूपं आहेत, गोळ्यांनी आटोक्यात राहतं, पण गोळ्या बरीच वर्षं घ्याव्या लागतील.

"किती दिवसांत गुण येईल?" अण्णांनी विचारलं.

"गुण लवकर येईल. गोळ्या थांबवायच्या नाहीत."

"म्हणजे जन्मभर?"

"आत्ता तसंच धरून चला."

अण्णा स्वतः सकाळ-संध्याकाळ बीपीची गोळी घेतात, तीही न चुकता, आणि ती न मिळाल्यास आईला बोल लावतात. तरी बाहेर येऊन म्हणाले, "जन्मभर गोळ्या खाणारा माणूस कसला?" तिथली फी, गोळ्या, रक्ताची तपासणी हे सगळं मिळून आमच्या घरचा महिन्याचा किराणा होता. दोनदा गेलो. भाऊ शांत झाला, झोपू लागला. तिसऱ्या वेळी अण्णा म्हणाले, "आता बरा हाय, कशाला घर भरायचं त्या डॉक्टरचं?" गरज सरो, वैद्य मरो. गोळ्या संपल्या त्या संपल्याच.

थंडीत तो बुडाला. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच, फक्त ते ऐकणारा तेव्हा कुणी नव्हता. भिंतीकडे तोंड करून पडायचा. आंघोळ नाही, जेवण नाही, विचारलं तर "बरं आहे" एवढंच. आता घरच्यांचं म्हणणं उलटलं. दसऱ्यात राबणारा पोरगा आता माजला, त्याला फुकट खायची सवय लागली, बायको करून दिली की उठेल. बायको म्हणजे काय मोटरीचा स्टार्टर आहे, बटण दाबलं की माणूस चालू होतो? मी हे तोंडावर बोलले आणि महिनाभर माहेरी माझ्याशी कुणी धड बोललं नाही.

मग आईने एकदा हळू आवाजात फोन केला. "तो विहिरीवर जाऊन बसतो गं. तासन् तास." एवढंच म्हणाली. आईला भीती वाटली होती, आणि ती भीती अण्णांना सांगायची तिची हिंमत नव्हती. मी त्याच दिवशी त्याला माझ्याकडे घेऊन आले.

आता कुणाला विचारायचं? खासगी परवडत नव्हतं, माझ्याही पगारात नाही. सिडकोतल्या ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, "टॉनिक देऊन बघू." एका योगवर्गवाल्या बाईंनी पहाटे उठायला सांगितलं. माझ्या साहेबांनी विपश्यनेला इगतपुरीला पाठवा म्हणून सांगितलं. जो माणूस दात घासायला उठत नाही त्याला दहा दिवस मौनात बसवायचं. उंटावरून शेळ्या हाकणारे मी पुष्कळ पाहिले, पण त्या महिन्यात सगळे उंट आमच्याच गल्लीत उभे होते.

शेवटी मोबाइलवर शोधता शोधता सरकारची एक फुकट हेल्पलाइन सापडली. स्वयंपाकघराचं दार लोटून मी फोन लावला. पलीकडे एक बाई होती, मराठीच. मी फटकळपणे सगळं सांगून टाकलं, मामा, नाग, मासे, सगळं. तिने मध्ये तोडलं नाही. तो विहिरीवर बसतो हे ऐकल्यावर तिने नेमके प्रश्न विचारले, त्याला एकटं सोडू नका म्हणाली, आणि सरकारी दवाखान्यात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग असतो, तिथे डॉक्टर फुकट बघतात, औषधंही मिळतात, उद्याच न्या, असं सांगितलं. मग म्हणाली, "ताई, तुम्ही झोपता का?" एवढ्या महिन्यांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी गॅसजवळ उभी राहून रडले. ती थांबली.

एवढी साधी गोष्ट. सरकारी दवाखान्यावरून मी रोज बसने जात होते. आत हा विभाग आहे हे मला माहीत नव्हतं, आमच्या गावात घरोघर आरोग्याची चौकशी करत फिरणाऱ्या आशाताईंना माहीत होतं की नाही ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि पोरगा खाटेला बांधला तेव्हा अंगणात जमलेल्या गावापैकी कुणालाच माहीत नव्हतं. की कुणाला होतं?

हा प्रश्न मला दुसऱ्याच दिवशी पडला. केसपेपर काढून आम्ही रांगेत बसलो. लांबलचक कॉरिडॉर, सिमेंटचे बाक, फिनेलचा वास. सगळ्यांची तोंडं भिंतीकडे. समोरच्या बाकावर एक बाई पदर कपाळाच्या खाली ओढून बसली होती. पायातल्या चपला आणि बसायची ढब मला ओळखीची वाटली. आमच्याच गावची, आमच्या आळीतली. माझ्या लग्नात तिने मला हळद लावली होती. तिच्या शेजारी तिची मोठी मुलगी, जी "मुंबईला कामाला आहे" असं गावात सगळे समजून होते. त्या बाईने मला पाहिलं, मी तिला पाहिलं. आणि आम्ही दोघींनी एकदम मान फिरवली. एकमेकींची लाज राखली म्हणायचं. मला आजही त्या क्षणाचा संताप येतो. ती बाई किती वर्षं तिथे येत होती कोण जाणे. आमच्या अंगणात पोराला दोरीने आवळत होते तेव्हा ती कुंपणाशी उभी होती, आणि तिला ठाऊक होतं कुठे न्यायचं ते. तिला दोष तरी काय द्यायचा? सांगितलं असतं तर उद्या तिच्या पोरीचं नाव पारावर गेलं असतं.

तिथली डॉक्टर तरुण होती, घाईत होती, आमच्या वाट्याला पाच-सात मिनिटंच आली. पण त्या पाच-सात मिनिटांत ती भावाच्या डोळ्यांत बघून त्याच्याशी बोलली, माझ्याशी नाही. औषध तेच लिहिलं. कधी खिडकीवर गोळ्या मिळायच्या, कधी "पुढच्या आठवड्यात या" असं उत्तर मिळायचं, मग स्वस्त औषधांच्या दुकानातून आणायच्या. दर काही आठवड्यांनी रक्त तपासायचं, भरपूर पाणी प्यायचं, उन्हातान्हात उपाशी राहायचं नाही, गोळी एकही चुकवायची नाही. चकरा होत्या, रांगा होत्या, माझ्या रजा संपल्या, साहेबांची तोंडं वाकडी झाली. पण जमत होतं. गरिबालाही जमेल असं होतं. आमचं वाटोळं पैशाने झालं नाही, एवढं मी सांगते, म्हणजे कुणी त्या सबबीमागे लपायला नको.

उन्हाळ्यापर्यंत भाऊ माणसात आला. जेवू लागला, माझ्या मुलीची गणितं घेऊ लागला, एकदा माझ्या भाजीला नावंही ठेवली. मला इतका आनंद झाला की मी ती भाजी पुन्हा तशीच केली. पावसाळ्यात तो घरी परतला. गोळ्यांनी हात थोडे थरथरायचे, चाल मंदावली होती, अंगावर जरा मांस आलं होतं आणि जेवून झालं की त्याला झोप यायची. पण तो होता. विहिरीवर जात नव्हता. मी आईला गोळ्यांचं सगळं समजावून दिलं. अण्णा तेव्हा बाजेवर पेपर वाचत होते.

मग नवरात्र आलं.

त्या वर्षी मला रजा उशिरा मिळाली. फोनवर आई म्हणायची, सगळं बरं आहे. सातव्या माळेला मी पोचले तर भाऊ पिकअपमध्ये क्रेट फेकत होता, अक्षरशः फेकत होता, आणि ओरडून गाणं म्हणत होता. हात जराही थरथरत नव्हते. मला पाहून तो धावत आला, "ताई, औंदा आपण अख्ख्या नाशिकला फुलं देणार." डोळे लाल.

स्वयंपाकघरात आईला विचारलं. तिने साबुदाणा भिजवत ठेवला आणि पदराला हात पुसत बसली.

"नवरात्राचे उपास आहेत त्याला," ती म्हणाली. "उपाशी पोटी कशा द्यायच्या?"

"त्याला उपास करायचा नाही सांगितलं होतं. आई, माझ्याकडे बघ."

"तुझ्या अण्णांनी सांगितलं. दसऱ्यापुरत्या बंद ठेवू."

मी बाहेर गेले. अण्णा फुलं मोजून घेत होते. त्यांनी नाकारलं नाही, हे त्यांचं मोठेपण म्हणावं की काय मला अजून ठरवता आलेलं नाही. "लय नाय," ते म्हणाले. "घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत. दसरा झाला की चालू करायच्या. गोळ्या खाऊन तो दुपारी पेंगतो, माल कोण काढणार? माणसं मिळत नाय. त्या वर्षी एकट्याने चार माणसांचं काम केलं पोराने."

त्यांना माझ्या भावाचा आजार हवा होता. मी हे समजायला वेळ घेतला, कारण असं काही असू शकतं हे माझ्या डोक्यात बसत नव्हतं. त्यांच्या हिशेबी गोळी म्हणजे पाण्याचा वॉल. हंगामात बंद करायचा, हंगाम संपला की सोडायचा. त्यांनी जन्मभर रोपांना असंच वाढवलं, ताण द्यायचा, पाणी तोडायचं, मग एकदम फुलं येतात. पोरालाही त्यांनी तोच हिशेब लावला, आणि मला वाटतं, वाईट हेतूने लावला नाही. हेच मला सगळ्यात जास्त कडू लागतं. वाईट हेतू असता तर मला त्यांच्याशी भांडता आलं असतं.

भांडले मी तरीही. तोडणाऱ्या बायका हात थांबवून बघत राहिल्या. मी भावाला गोळी घ्यायला सांगितली, तो हसला, "ताई, मी कधी एवढा बरा होतो का?" मी त्याला तेव्हाच गाडीत घालून आणायला हवं होतं म्हणतात लोक. चार माणसांचं काम करणारा माणूस एका बाईने गाडीत कसा घालायचा, हे ते सांगत नाहीत.

दसऱ्याच्या दिवशी गंगापूर रोडला फुटपाथवर आमची फुलं होती. सकाळी गिऱ्हाईक तुटून पडलं. दुपारी भावाने फुलं फुकट वाटायला सुरुवात केली. ओंजळी भरभरून, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा," म्हणत गाड्या थांबवून आत फुलं टाकत होता. लोक घेत होते. हसत होते, फोनवर व्हिडिओ काढत होते आणि पिशव्या भरत होते. एकालाही वाटलं नाही की थांबावं. अण्णांनी त्याला दंडाला धरून ओढलं. त्याने झटका दिला, अण्णा भरलेल्या क्रेटवर पडले आणि त्यांचं मनगट मोडलं. त्या आवाजाने भाऊ थांबला. मग फुटपाथवर बसून डोकं गुडघ्यात घालून हमसून हमसून रडू लागला. व्हिडिओ काढणाऱ्यांनी तेही काढलं.

त्याच सरकारी दवाखान्यात दोघांना नेलं. अण्णांना प्लास्टरला, भावाला भरती करायला. तीच तरुण डॉक्टर होती. तिने केसपेपर चाळला आणि विचारलं, "गोळ्या कुणी बंद केल्या?"

खोलीत आम्ही तिघं होतो. अण्णा गळ्यात हात अडकवून बाकावर बसले होते. मी तोंड उघडलं. सगळं बोलायचं होतं मला, वर्षभराचं. तेवढ्यात भाऊ म्हणाला, "मीच." बसक्या आवाजात, जमिनीकडे बघत. "मीच बंद केल्या मॅडम. उपास होता."

मी अण्णांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. डॉक्टरने भावाला समजावलं, जरा रागावलीही. असं करून कसं चालेल, स्वतःची काळजी स्वतः घ्यायला नको का? भावाने मान डोलावली. अण्णांनी गळ्यातली पट्टी नीट केली. परत जाताना रिक्षात त्यांनी एकच वाक्य उच्चारलं, "औंदा भाव चांगला होता." मी रिक्षा थांबवून तिथेच उतरले आणि चालत घरी गेले.

या गोष्टीला वर्ष होत आलं. भाऊ आता माझ्याकडेच राहतो. आमचं दोन खोल्यांचं घर, त्यात तो बाहेरच्या खोलीत झोपतो. नवरा चांगला आहे, पण चांगुलपणालाही आठवड्याची सुट्टी लागते. भावाला जवळच्या एका नर्सरीत रोपांना पाणी घालायचं काम मिळालं आहे. हात थरथरतात, त्यामुळे पिशव्या भरायला त्याला वेळ लागतो. मालक बोलत नाही. गोळी मी देते, रोज, जेवण झाल्यावर, आणि गिळेपर्यंत समोर उभी राहते. एकदा ती गादीखाली सापडली होती, तेव्हापासून तोंड उघडून दाखवायला लावते. भावाची जीभ तपासणारी बहीण व्हायचं मी ठरवलेलं नव्हतं.

परवा अण्णांचा फोन आला. त्यांनी मला नाही, त्याला केला. घटस्थापना चार दिवसांवर आहे. मी भांडी घासत होते, त्यामुळे एकाच बाजूचं ऐकू आलं. "हो. हो. किती लावलाय? दोन्ही रंग? बघतो." फोन ठेवून तो दारात येऊन उभा राहिला.

"ताई, जाऊ का? दसऱ्यापुरता."

"गोळ्या बरोबर घेऊन जा. मी रोज फोन करीन, मला व्हिडिओवर दाखवायच्या."

त्याने फोन खिशात घातला. मग म्हणाला, "गोळ्या घेऊन जायचं तर मग जायचं कशाला?"

मी नळ बंद केला. बोलायला पुष्कळ होतं. मनगट होतं, विहीर होती, दोरी होती, फुटपाथ होता. मी म्हणाले, "तुला पुन्हा तसं व्हायचंय?"

"तुला नाही कळणार," तो म्हणाला. रागाने नाही, समजुतीने, जसं लहान मुलाला सांगतात. "त्या दिवसांत अण्णा माझ्याशी बोलतात. एरवी नाही बोलत. वावरातून जाताना हाक मारतात, चहा प्यायला बस म्हणतात. तुझ्याकडे राहतो तेव्हापासून त्यांचा हा पहिला फोन."

अण्णांचा मला इतका राग आला की घासून झालेलं पातेलं मी पुन्हा घासायला घेतलं. त्याला बरं करताना मी त्याच्याकडून काय काढून घेतलं ते मला त्या दिवशी कळलं, आणि ते त्याला परत मिळवून देणं कुठल्याही डॉक्टरच्या हातात नव्हतं, फुकटच्याही नाही आणि पैशाच्याही नाही. ते फक्त एका माणसाच्या हातात होतं, आणि त्याला त्याची किंमत ठाऊक नव्हती.

"नाही जायचं," मी म्हणाले, आणि गोळी पुढे केली.

त्याने ती घेतली, पाणी प्यायला, आणि मी न सांगता तोंड उघडून जीभ वर केली. मी नीट बघितलं. मग तो आत जाऊन माझ्या मुलीची गणितं घ्यायला बसला.